जवानाची दुसरी पाटी

अमरावतीहून बडनेरामार्गे यवतमाळकडे जाणारी एस. टी. नांदगाव खंडेश्वरच्या स्थानकात थांबते आणि कधीमधी तिच्यातून एक काळी लोखंडी ट्रंक खाली उतरवली जाते. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात क्रमांक, हुद्दा व नाव लिहिलेले असते. रजेवर येणाऱ्या जवानाच्या खांद्यावर पिशवी असते. ट्रंक घेऊन येणारा कायमचा आलेला असतो. पहिले आठ-पंधरा दिवस कौतुकाचे जातात. शाळेत सत्कार होतो, हारतुरे होतात, मुख्याध्यापक त्याला २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला येण्याचे अगत्याने सांगतात. मग एका संध्याकाळी पारावर कोणीतरी सहज विचारते, "आता काय करता मंग, भाऊ?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. परंतु सतरा-अठरा वर्षे ज्याला उद्या सकाळी कोठे उभे राहायचे हे दुसऱ्याने सांगितले, त्याला या साध्या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही.

भारताच्या तिन्ही सैन्यदलांतून दरवर्षी सुमारे ६० हजार माणसे निवृत्त होतात आणि त्यांतील बहुतेकांचे वय ३५ ते ४५ च्या दरम्यान असते. सैन्य तरुण राहावे म्हणून ही व्यवस्था आहे आणि तिच्याविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. मात्र या वयाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. ज्या वयात शाळेतील शिक्षक पर्यवेक्षकपदाकडे डोळे लावून बसतो आणि तहसील कचेरीतील लिपिक आपली सेवाज्येष्ठता मोजू लागतो, त्या वयात जवानाची नोकरी संपलेली असते. मुले सातवी-आठवीत असतात. आईवडील थकलेले असतात. घरची शेती कोरडवाहू. सोयाबीन, कपाशी आणि तूर यांच्या भावावर तिचे गणित बसते किंवा फसते, आणि अलीकडे ते बसल्यापेक्षा फसल्याचेच अधिक ऐकू येते. निवृत्तिवेतन मिळते, पण ते घर चालवण्यापुरते. घर वर काढण्यापुरते नव्हे.

अशा माणसापुढे रूढ झालेला मार्ग एकच आहे. बँकेच्या दारातील खुर्ची, एखाद्या कारखान्याचे फाटक, मॉलचा जिना. निवृत्त जवान म्हटला की सुरक्षारक्षक, हे समीकरण समाजाच्या मनात इतके पक्के बसले आहे की राज्य शासनाने २००२ साली माजी सैनिकांसाठी 'मेस्को' हे महामंडळ काढले तेही मुख्यतः सुरक्षारक्षक पुरवणारी संस्था म्हणूनच ओळखले जाऊ लागले. हे काम हलके आहे असे मुळीच नाही. पण ज्याने सीमेवर बिनतारी संदेशयंत्रणा सांभाळली, कोट्यवधींच्या भांडाराचा हिशेब ठेवला किंवा रणगाड्याची वीजयंत्रणा दुरुस्त केली, त्याला नागरी जीवनात आल्यावर केवळ त्याची छाती आणि मिशा पाहून काम द्यावे, ही त्याच्या बुद्धीची उपेक्षा होय.

वास्तविक दुसरा मार्ग त्याच्या डोळ्यांसमोर, तालुक्याच्याच रस्त्यावर असतो. संगणकवर्गाची पाटी आता कोणत्या तालुक्याच्या गावी नाही? २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने 'एमएस-सीआयटी' हा अभ्यासक्रम आणला आणि शासकीय लिपिकाच्या जागेसाठी टंकलेखनाइतकेच हे प्रमाणपत्रही आवश्यक ठरले. आजवर राज्यातील एक कोटीहून अधिक लोक त्या वर्गांत बसून गेले आहेत. राज्य शासनाच्या क आणि ड गटांतील पदांत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. म्हणजे जागा आहे, माणूस आहे. अडते ते पात्रतेच्या कागदाशी. पात्र उमेदवार मिळाला नाही तर ती राखीव जागा त्याच प्रवर्गातील इतर उमेदवाराला जाते. नियमाप्रमाणे त्यात काही चूक नाही. चूक त्याआधी, बरीच आधी, कोठेतरी झालेली असते.

खर्च आहे, वेळ चुकते

या शिक्षणासाठी सरकार पैसा खर्च करत नाही, असे कोणी म्हणेल तर ते सत्याला धरून होणार नाही. संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत पुनर्वसन महासंचालनालय आहे. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील सैनिकांसाठी ते देशभरातील संस्थांमधून अभ्यासक्रम चालवते. अधिकाऱ्याच्या शुल्कापैकी ६० टक्के सरकार देते आणि ४० टक्के त्याने स्वतः भरायचे असतात. जवान, हवालदार, सुभेदार यांच्याकडून मात्र काहीच घेतले जात नाही. अधिकाऱ्यांसाठी नामवंत व्यवस्थापन संस्थांमधील सहा-सहा महिन्यांचे वर्ग आहेत. जवानांसाठी संगणकाचे, दुरुस्तीचे, सुरक्षेचे, शेतीपूरक व्यवसायांचे असे नाना प्रकारचे वर्ग आहेत. केंद्र सरकारची 'नाइलिट' ही संस्था, जिला जुने विद्यार्थी 'डोएक' या नावाने ओळखतात, तिचे संगणक अभ्यासक्रमही त्यांत असतात.

मग अडचण कोठे येते? ती येते काळ आणि स्थळ यांच्या जुळणीत. हे शिक्षण प्रामुख्याने सेवेच्या अखेरच्या टप्प्यात घ्यायचे असते. त्या वेळी जवान राजौरीला असतो किंवा तेजपूरला. यादी हातात येते, तिच्यातून नाव निवडायचे असते. नांदगाव खंडेश्वरात, अमरावतीत किंवा अगदी नागपुरात आपल्याला पुढे कोणते काम मिळू शकेल याची त्याला काय कल्पना असणार? त्याच सुमारास घराचे बांधकाम अर्धवट राहिलेले असते, भावकीत वाटणीची बोलणी सुरू असतात, मुलीला अमरावतीच्या शाळेत घालायचे असते. अशा मनःस्थितीत निवडलेला अभ्यासक्रम म्हणजे अंधारात मारलेला खडा. लागला तर लागला. प्रमाणपत्र मिळते, ते सैन्याच्या सेवापुस्तिकेबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवले जाते. गावी आल्यावर दीड-दोन वर्षांनी, पारावरचा प्रश्न अनेकदा ऐकून झाल्यावर, खरोखर काय शिकायला हवे होते ते त्याला उमगते. तोवर शिक्षणाचा त्याचा वाटा संपलेला असतो.

सेवेत असताना ज्यांना असे प्रशिक्षण घेता आले नाही त्यांच्यासाठी राज्य सैनिक मंडळांकडे निधी देण्याची तरतूद आहे आणि तिचा लाभ सैनिकाच्या विधवेला किंवा एका अवलंबितालाही घेता येतो. ही तरतूद चांगली आहे. पण ती ज्याला कळायला हवी त्याला बसने अमरावतीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत जाऊन, योग्य टेबलापुढे उभे राहून, योग्य प्रश्न विचारावा लागतो. योग्य प्रश्न विचारायला आधी उत्तर थोडेसे ठाऊक असावे लागते, हे कचेरीत काम करणाऱ्या कोणत्याही वाचकाला सांगण्याची गरज नाही.

१९४५ ची आठवण

या विषयाला एक इतिहास आहे आणि तो महाराष्ट्रातील वाचकांना विशेष जिव्हाळ्याचा वाटावा असा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदी सैन्यात सुमारे २५ लाख माणसे होती. युद्ध संपताच त्यांतील बहुतेकांना घरी पाठवायचे होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. त्या खात्याखाली जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार यांसाठी एक महासंचालनालय स्थापन झाले. सैन्यातून मोकळ्या झालेल्या माणसांना काम मिळवून देणे आणि काम मिळण्याजोगे शिक्षण देणे, हे त्याचे उद्दिष्ट. त्यासाठी ठिकठिकाणी रोजगार कचेऱ्या उघडल्या गेल्या आणि प्रशिक्षण केंद्रे सुरू झाली. चारच वर्षांपूर्वी, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली होती. तिच्यातील कित्येक जवान घरी परतण्याचा तो काळ. ज्या समाजांतील मुलांच्या हाती कधी पाटी पडली नव्हती, त्यांतील माणसे सैन्यात नकाशा वाचायला, इंजिन उघडायला आणि इंग्रजी अक्षरे लावायला शिकून आली होती.

पुढे काय झाले ते लक्षणीय आहे. १९४८ च्या आरंभी त्या रोजगार कचेऱ्या सर्वांना खुल्या झाल्या. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षणाची योजना आखली गेली आणि तिच्यातून आजच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे घरोघरी 'आयटीआय' म्हणून माहीत असलेल्या संस्था, वाढीस लागल्या. बारावी झाल्यावर सेवायोजन कार्यालयाच्या रांगेत उभे राहून नाव नोंदवलेल्या आणि कार्डाचे नूतनीकरण न चुकता केलेल्या पिढीला त्या रांगेचा आरंभ सैनिकांपासून झाला होता हे बहुधा ठाऊक नसावे. सैनिकासाठी केलेली सोय अशा रीतीने साऱ्या देशाची झाली. आज उलटा प्रकार दिसतो. साऱ्या देशासाठी संगणकशिक्षणाचे जाळे उभे राहिले आहे आणि त्यात सैनिकाला कोठून शिरावे ते सापडत नाही.

अमेरिकेचा अनुभव

अमेरिकेने हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला. २२ जून १९४४ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सही केलेला कायदा 'जी. आय. बिल' या नावाने प्रसिद्ध आहे. युद्धावरून परतलेल्या सैनिकाच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलायचा, काय शिकायचे आणि कोठे शिकायचे हे मात्र त्याने ठरवायचे, असे त्याचे सूत्र होते. सुमारे ७८ लाख सैनिकांनी त्याचा लाभ घेतला. त्यांतील २२ लाख महाविद्यालयांत गेले, ही गोष्ट वारंवार सांगितली जाते. उरलेले ५६ लाख शाळांत, कार्यशाळांत, कारखान्यांत आणि शेतावर शिकले, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. वस्तुतः नांदगावसारख्या गावाला तीच अधिक उपयोगाची आहे.

या कायद्याचे गोडवे गाताना त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय सैनिकांच्या पदरात त्यातले फार थोडे पडले. कायद्यात भेद नव्हता, तो खिडकीपलीकडे बसलेल्या माणसांत होता. शिवाय सरकारी शुल्क थेट संस्थेला मिळत असल्यामुळे केवळ त्या पैशासाठी खासगी शाळा जागोजागी निघाल्या. काहीही न शिकवता हजेरी भरणाऱ्या शाळांची चौकशी करण्यासाठी तेथील प्रतिनिधिगृहाला समिती नेमावी लागली आणि कोरियाच्या युद्धाच्या काळातील १९५२ च्या कायद्यात पैसा संस्थेऐवजी सैनिकाच्या हाती देण्यात आला. रोग तेवढ्याने बरा झाला नाही. सैनिकांच्या शिष्यवृत्त्यांवर पोसलेली आयटीटी टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संगणक व तंत्रशिक्षणाची मोठी व्यापारी संस्था सप्टेंबर २०१६ मध्ये एकाएकी बंद पडली आणि अनेक माजी सैनिक अर्धवट अभ्यासक्रम हातात घेऊन रस्त्यावर आले.

त्या ठेचेनंतर अमेरिकेने जे केले ते मननीय आहे. २०१७ च्या कायद्याने माजी सैनिकांना संगणकक्षेत्राचे प्रशिक्षण देण्याची एक प्रायोगिक योजना आखली गेली व ती २०१९ मध्ये सुरू झाली. तिच्यात संस्थेला शुल्काचा चौथा हिस्सा प्रवेशाच्या वेळी मिळे, चौथा हिस्सा अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर, आणि उरलेला अर्धा भाग सैनिकाला त्या क्षेत्रात नोकरी लागल्यानंतर. योजनेची मुदत २०२४ मध्ये संपली आणि २०२५ च्या आरंभी कायद्याने तिला पुन्हा मान्यता मिळाली. त्याखेरीज, कोणतीही मान्यताप्राप्त व्यावसायिक परीक्षा देणाऱ्या माजी सैनिकाला तिचे शुल्क २,००० डॉलरपर्यंत परत मिळते, आणि तो परीक्षेत नापास झाला तरी मिळते. नापासालाही पैसे, हे ऐकून आपल्याकडील लेखापरीक्षकाच्या कपाळावर आठी चढेल. पण परीक्षेला बसण्याचे धाडस चाळिशीतल्या माणसाने करावे, अशी इच्छा असेल तर त्याची पहिली आपटी सोसण्याची तयारी कोणीतरी ठेवलीच पाहिजे.

कागदाचे मोल

प्रमाणपत्र या शब्दाने फसगतही पुष्कळ होते. सर्वच कागद सारख्या मोलाचे नसतात. 'एमएस-सीआयटी' हा कागद दार उघडतो, आत बसवत नाही. पत्र टंकणे, तक्ता करणे, ई-मेल पाठवणे एवढे येण्याची ती खूण आहे; लिपिकाच्या अर्जाला ती हवी, पण तिच्यामुळे कोणी संगणक तंत्रज्ञ होत नाही. त्यावरची पायरी 'नाइलिट'च्या 'ओ लेव्हल'ची. तिला वर्षभराचा अभ्यास लागतो आणि सरकारी भरतीत तिला मान आहे. तिसरा प्रकार कंपन्यांच्या परीक्षांचा. 'सिस्को'ची 'सीसीएनए' ही परीक्षा संगणकांची जाळी जोडणे आणि सांभाळणे यांविषयीची आहे. तिचे शुल्क ३०० डॉलर, म्हणजे २५ हजार रुपयांच्या वर, आणि मिळालेले प्रमाणपत्र तीन वर्षांनी शिळे होते. पुन्हा परीक्षा देऊन किंवा ठरावीक अभ्यास दाखवून ते ताजे करून घ्यावे लागते. ज्या माणसाने सैन्यात एकदा मिळवलेला बिल्ला आयुष्यभर छातीवर लावला, त्याला ही मुदतीची कल्पना प्रथम विचित्र वाटते.

तरीही या तिसऱ्या प्रकाराचा काही जवानांशी जवळचा संबंध आहे. जबलपूरच्या प्रशिक्षण केंद्रातून बाहेर पडलेला सिग्नल कोअरचा जवान जाळी जोडण्याचे काम नोकरीभर करत असतो. हिमालयात तारा ओढणे, यंत्र बिघडले की अंधारात बोटांनी चाचपून दोष शोधणे, संदेश गुप्त राखणे, यांत त्याची हयात गेलेली असते. त्याला सहा महिन्यांच्या वर्गाची आवश्यकता नसते. आवश्यकता असते ती नव्या परिभाषेची थोडी ओळख, एक पुस्तक, सरावासाठी यंत्र आणि परीक्षेचे शुल्क यांची. आपली पुनर्वसनाची योजना मात्र अभ्यासक्रमाभोवती उभी आहे. जो आधीच निम्मे जाणतो आणि जो संगणकाला कधी शिवलेला नाही, ते दोघे तिच्या दृष्टीने सारखेच विद्यार्थी.

पदवीच्या बाबतीत केंद्र सरकारने १९८६ मध्ये एक उदार नियम केला. दहावी उत्तीर्ण असलेल्या आणि किमान १५ वर्षे सेवा झालेल्या माजी सैनिकाला, पदवी आवश्यक असलेल्या क गटातील जागांसाठी पात्र धरावे, असे त्यात म्हटले आहे. हजारो घरांना त्या नियमाचा आधार वाटला असेल. परंतु जेथे तांत्रिक किंवा व्यावसायिक स्वरूपाचा अनुभव आवश्यक मानलेला आहे, तेथे तो नियम लागू होत नाही. १९८६ मध्ये अशा जागा थोड्या होत्या. आज कचेरीतील साध्या जागेलाही तंत्राचा स्पर्श झाला आहे, आणि त्या मानाने नियमाचे छत्र आखडत गेले आहे.

घरातील पहिला हक्क कोणाचा

शिक्षणाच्या मदतीतील जो भाग सर्वांना ठाऊक आहे तो मुलांचा. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना २००६-०७ पासून चालू आहे. माजी सैनिकांच्या मुलामुलींना आणि विधवांना व्यावसायिक पदवीसाठी ती मिळते. देशभरात वर्षाला ५,५०० नव्या शिष्यवृत्त्या, निम्म्या मुलींना व निम्म्या मुलांना. २०१९-२० पासून मुलींना महिना ३,००० रुपये आणि मुलांना २,५०० रुपये. दरवर्षी ६० हजार माणसे निवृत्त होतात, हा आकडा त्याशेजारी ठेवला की चढाओढ किती असेल ते कळते. बाप स्वतः या योजनेत बसत नाही. बसला असता तरी त्याने मुलीचेच नाव पुढे केले असते. वऱ्हाडातील बाप असाच आहे. स्वतःच्या शिक्षणावर पैसा घालणे त्याला चैन वाटते. पोरीला बडनेऱ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवण्यासाठी तो एकरभर विकायला निघेल, पण त्याच रस्त्यावर स्वतः दोन महिन्यांच्या वर्गाला जायचे म्हटले की त्याला लाज वाटते. वर्गात शेजारी बसलेला मुलगा आपल्या मुलाच्या वयाचा असतो, आणि शिकवणारी मुलगी कदाचित गावातीलच कोणाची तरी.

या लाजेचा विचार सरकारी कागदात कोठे येत नाही. तो यायला हवा. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे, बडनेऱ्याचे १९८३ पासून. त्याच वर्षी अमरावती विद्यापीठ झाले. या संस्थांतील संगणकांच्या खोल्या संध्याकाळी आणि सुटीत बंद असतात. माजी सैनिकांची वेगळी तुकडी आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी तेथे बसली, तर इमारत बांधावी लागणार नाही आणि यंत्रे विकत घ्यावी लागणार नाहीत. मराठीतून समजावणारा शिक्षक मिळाला तर निम्मी भीती जाईल. संघटनेची, वेळेची, नेमून दिलेला पाठ पुरा करण्याची सवय या विद्यार्थ्यांना जन्मभराची आहे. असा वर्ग कोणत्या प्राध्यापकाला नको आहे?

यासाठी फार मोठा नवा पैसा लागेल असेही नाही. जो खर्च आज सेवेच्या शेवटच्या वर्षात आटोपला जातो, तो हक्क म्हणून जवानाच्या नावे निवृत्तीनंतर पाच वर्षे ठेवला, तर त्याला गावी येऊन, परिस्थिती पाहून निवड करता येईल. अभ्यासक्रम नको असेल त्याला परीक्षेचे शुल्क द्यावे. आणि संस्थेला सारे शुल्क एकरकमी न देता त्यातला काही भाग विद्यार्थी उत्तीर्ण होईपर्यंत, काही भाग त्याला काम लागेपर्यंत राखून ठेवावा. अमेरिकेला हे सुचायला पाऊणशे वर्षे लागली. आपल्याला तेवढा वेळ घालवण्याचे कारण नाही. अर्थात तालुक्याच्या गावात नोकऱ्याच थोड्या असताना 'काम लागेपर्यंत' ही अट घातली तर कोणतीही संस्था नांदगावच्या जवानाला प्रवेशच देणार नाही, हा आक्षेप खोटा नाही. म्हणून राखून ठेवायचा हिस्सा येथे लहान असावा आणि स्वतःचे संगणक-दुरुस्तीचे दुकान किंवा सेवा केंद्र टाकणाऱ्यालाही काम लागले असे मानावे.

आणखी एक आक्षेप गावातच ऐकू येतो. ज्याला निवृत्तिवेतन आहे त्याने पुन्हा नोकरी का मागावी? एम. ए., बी. एड. होऊन घरी बसलेल्या तरुणाच्या तोंडी हा प्रश्न आला तर त्याच्यावर रागावता येत नाही. त्याच्या कडवटपणाला कारण आहे. परंतु राखीव जागेचा वाद वेगळा आणि शिक्षणाचा वेगळा. जवानाला विद्या दिल्याने तरुणाची जागा जात नाही. गावात जाळे जोडणारा, यंत्र दुरुस्त करणारा, कोणाचा अर्ज ऑनलाइन भरून देणारा एक माणूस वाढतो. समृद्धी महामार्ग या तालुक्यातून गेला. तो नागपूर आणि मुंबई जवळ आणतो असे म्हणतात. महामार्गाच्या कडेला उभे राहणाऱ्या गोदामांना आणि उपाहारगृहांना पहारेकरी लागतील तसे संगणक सांभाळणारेही लागतील. कोणते काम कोणाला मिळेल, ते आज कोण काय शिकतो यावर ठरणार आहे.

सैनिकांविषयीची आपली कृतज्ञता बहुधा माफीच्या आणि समारंभाच्या रूपाने प्रकट होते. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी जमतो, शाळांतून मुले कागदी झेंडे छातीला लावतात. २०२० मध्ये राज्य शासनाने माजी सैनिकांची घरपट्टी माफ केली. त्याबद्दल कोणी नाके मुरडू नयेत. पण घरपट्टी वर्षाला किती असते आणि एका परीक्षेचे शुल्क किती असते, हा हिशेब ग्रामसेवकही मांडून दाखवील.

हा प्रश्न येत्या काळात निराळ्या आणि अधिक कठीण रूपात समोर येणार आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेतील पहिल्या अग्निवीरांचे प्रशिक्षण २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या आरंभी सुरू झाले. त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ च्या सुरुवातीस भरतात. चारांपैकी जास्तीत जास्त एकाला सैन्यात कायम ठेवले जाईल, तिघे परत येतील. ते चाळिशीचे नसतील, बावीस-पंचविशीचे असतील. त्यांना निवृत्तिवेतन नाही. सेवानिधी म्हणून व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये एकदम हाती पडतील, आणि त्यातील निम्मे मूळ पैसे त्यांच्याच पगारातून कापलेले असतील. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने त्यांच्यासाठी खास पदवी आखली आहे. तिचे अर्धे गुण सैन्यातील प्रशिक्षणाबद्दल धरले जातात. केंद्रीय दलांत त्यांच्यासाठी जागा राखल्या आहेत. परंतु तेवीस वर्षांचा मुलगा, हातात अकरा लाख, आणि अमरावतीच्या चौकात 'शंभर टक्के नोकरीची हमी' असे लिहिलेला संगणकवर्गाचा रंगीत फलक, हे चित्र डोळ्यांसमोर आणले की १९५० च्या सुमारास अमेरिकेत निघालेल्या त्या शाळांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. कोणता वर्ग खरा, कोणता खोटा, कोणत्या कागदाला मुंबई-पुण्यात किंमत आहे आणि कोणत्या नाही, हे त्याला सांगू शकेल अशी एकच सरकारी कचेरी जिल्ह्यात आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. योजनेच्या नियमांप्रमाणे अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा नाही, आणि त्या कार्यालयाची नोंदवही माजी सैनिकांची आहे.